जावईबापूंचं पाणी

स्वच्छतेचं वेड असलेल्या माणसाशी वाद घालू नये. तो हरला तरी जाता जाता तुमचं टेबल पुसून जातो. वाफमावशी त्यातलीच.

तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर आहे, पण ते कुणाच्या तोंडी नाही. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, एका बिनखिडकीच्या खोलीत ती तीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं धुते. कात्र्या, चिमटे, सुऱ्या वरून रक्ताने माखून येतात. मावशी त्या घासते, भिंगाखाली बघते, हिरव्या कापडात गुंडाळते आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये घालते. मशीनचं दार उघडलं की वाफेच्या लोटात ती दिसेनाशी होते, म्हणून हे नाव. तिच्या हातच्या ट्रेमधून कुणाला जंतुसंसर्ग झाला, असं तीस वर्षांत एकदाही घडलेलं नाही. मोठमोठे सर्जन तिला वचकून असतात. एकाने एकदा बूट न बदलता खोलीत पाऊल टाकलं, तेव्हा मावशीने त्याला उंबऱ्यावरच थांबवून विचारलं होतं, "डॉक्टर, तुमच्या घरीही असेच आत येता का?" सर्जन गुपचूप मागे फिरला. हा किस्सा मावशी स्वतः कधी सांगत नाही. दुसरं कुणी सांगत असेल तर मात्र तो संपेपर्यंत तिथून हलत नाही.

घरीही तीच तऱ्हा. फरशी दिवसातून दोनदा फिनाईलने. त्या घरात झुरळ यायचं झालं तर अंघोळ करून येईल, असं शेजारीण म्हणते. घरात माणसं दोनच, मावशी आणि तिचे वडील. अप्पा वीज कंपनीत मीटर वाचायचे. चाळीस वर्षं दारोदार पायी हिंडले, निवृत्त झाल्यावरही सकाळ-संध्याकाळ मैलभर फेरी चुकवली नाही. मावशीने लग्न केलं नाही. का केलं नाही, याची उत्तरं तिने निरनिराळ्या लोकांना निरनिराळी दिली आहेत आणि त्यातलं एकही अप्पांना पटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी अप्पा फेरीवरून परत आले ते हातात पाण्याची पिशवी घेऊन. पिशवीत एक मासा. अंग गर्द निळं, लांबलचक परांना लाल कडा. फायटर जातीचा. "तू काही आणला नाहीस," अप्पा म्हणाले, "म्हणून शेवटी मीच आणला. हे आपले जावईबापू."

नाव शोभलंही. स्वारी एकटी राहणार, दुसरा मासा खपवून घेणार नाही, आरशात स्वतःलाच बघून गाल फुगवणार, आणि जेवण वेळेवर जागेवर मागणार. अप्पांनी आपल्या खोलीत खिडकीशी पंधरा लिटरची काचेची पेटी ठेवली. तिच्यात हवेच्या नळीवर चालणारा पाणी गाळायचा स्पंज. तो स्पंज महिन्याभरात तपकिरी झाला, मावशीचे हात शिवशिवायला लागले, आणि अप्पांनी तह केला. "बाकी सगळं घर तुझं. ही पेटी माझी." मावशीने तह पाळला, पण त्या खोलीत गेली की ती पेटीकडे पाठ करून उभी राहायची.

मग ती सकाळ आली. मावशीने फरशी पुसली आणि फडकं पिळायला न्हाणीघरात गेली. अप्पा फेरीला निघाले होते. "ओलं आहे हं," एवढंच ती रोज ओरडायची, त्या दिवशी राहिलं. आवाज झाला तेव्हा तिला आधी वाटलं, बादली कलंडली.

खुब्याचं हाड. स्ट्रेचरवर चढवताना अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्यांनी तिचा हात धरून सांगितलं, "पाणी सगळं बदलू नकोस. तिसरा हिस्सा फक्त. आणि स्पंजला हात लावू नकोस." मावशी "हो हो" म्हणाली. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. मावशीच्याच हॉस्पिटलात नेलं. तिथे प्रत्येकाने विचारलं, कसे पडलात, आणि अप्पांनी प्रत्येकाला एकच सांगितलं, "चप्पल झिजली होती." फरशीचं कुणी विचारलं नाही. मावशीनेही काढलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. ती वॉर्डमधल्या फरशीकडेसुद्धा बघेनाशी झाली.

ऑपरेशन झालं. रात्रीपर्यंत थांबून ती घरी आली आणि तिला हातांचं काय करावं ते कळेना. जिवाला घोर लागला की कुणी रडतं, कुणी खात सुटतं. मावशी घासते. पहिल्या दिवशी तिने भांडी घासली, दुसऱ्या दिवशी खिडक्या. तिसऱ्या दिवशी घासायला काही उरलं नाही, तेव्हा तिची नजर पेटीवर गेली. पाण्यावर एका कोपऱ्यात बारीक फेस साचला होता, साबण नीट न धुतल्यासारखा. अप्पा घरी येऊन हे बघणार? तिने जावईबापूंना एका वाडग्यात काढलं, फेस पुसून टाकला, स्पंज पिळला. त्यातून जे तपकिरी पाणी निघालं ते पाहून तिला शिसारी आली. स्पंज दहा मिनिटं उकळला. काच ब्लीचने धुतली, तीनदा खंगाळली, नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. पेटी अशी लख्ख झाली की आत पाणी आहे हेच कळेना. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं, अप्पांसाठी आपल्या हातून काहीतरी बरं झालं.

चौथ्या दिवशी जावईबापू तळाशी जाऊन बसले. पर मिटलेले, घडी घातलेल्या छत्रीसारखे. दाणा टाकला तर तो नाकासमोरून खाली गेला, यांनी ढुंकून पाहिलं नाही. दोन दिवसांनी परांच्या कडा काळ्या पडल्या आणि विरायला लागल्या. निळा रंग राखाडीकडे झुकला. मावशीने चष्मा लावून पाहिलं आणि तिचं निदान तयार झालं. कडा कुजताहेत म्हणजे जंतू, आणि जंतू म्हणजे तिचा जन्माचा वैरी. निदान अर्धं बरोबरही होतं, आणि अर्धं बरोबर असलेलं निदान फार वाईट, कारण माणूस पुढे विचारत नाही. तिने दिवसाआड नाही, रोज पेटी धुवायला घेतली. रोज ब्लीच, रोज उकळलेला स्पंज, रोज सगळं पाणी नवं. अति तिथे माती हे तिला कुणी सांगायला हवं होतं. ज्याने सांगितलं होतं, तो दुसऱ्या मजल्यावर खाटेवर पडला होता.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती वर जायची. आधी खाटेशेजारचं छोटं टेबल पुसायची, पाण्याची बाटली पुसायची, उशीचा अभ्रा ओढून ताणून नीट करायची, मग बसायची.

"जावईबापू कसे आहेत?"

"मजेत."

"खातात का?"

"हो तर."

"फेस केलाय का पाण्यावर?"

मावशीला वाटलं, पेटी घाण ठेवल्याचा संशय आला. "छे! एक बुडबुडा दिसायचा नाही तुम्हाला. लख्ख ठेवलीय पेटी."

अप्पा छताकडे बघत राहिले. पाय दुखत असेल असं वाटून तिने विषय बदलला. "आणि तुम्हीही महिन्याभरात असे चालायला लागाल की तुमच्यामागे मला धावावं लागेल."

"खरंच? नुसता? काठीबिठी न घेता?"

"नुसते. मी सांगतेय ना."

हाडांच्या डॉक्टरांनी तिला बाहेर जिन्यात बोलावून वेगळंच सांगितलं होतं. वय, हाडाची अवस्था; आधाराशिवाय चालणं आता होणार नाही, वॉकर कायमचा. आधाराने दहा-वीस पावलं टाकायला लागले की घरी सोडू. मावशीने मान हलवली होती आणि ते बोलणं जिन्यातच ठेवून आत आली होती. चाळीस वर्षं पायांवर जगलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यातून ते पाय कुणी मोडले हे तिला एकटीला ठाऊक. एका गोष्टीचं ओझं असताना माणूस दुसरी उचलत नाही, झाकून ठेवतो. म्हणून मासा मजेत, पाय बरा, सगळं छान.

एकदा व्यायाम करून घेणाऱ्या बाई जिन्यात भेटल्या. "मावशी, आजोबा फार हट्टी आहेत हो. ऐकतच नाहीत."

"दुखत असेल त्यांना. सांभाळून घ्या जरा," मावशी म्हणाली. बाई घाईत होत्या, मावशीही.

दहाव्या दिवशी जावईबापू एका अंगावर कलंडले. शेपटी निम्मी झाली होती. मावशीने कित्येक वर्षांत प्रथमच अर्ध्या दिवसाची रजा टाकली, एक काचेची बरणी वाफेच्या मशीनमधून काढून निर्जंतुक केली, तिच्यात माशाला घातलं आणि ज्या दुकानातून अप्पांनी त्याला आणलं होतं ते दुकान गाठलं.

दुकानदार जाडजूड, गळ्यात दोरीला चष्मा, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. चहूबाजूंना टाक्या, आणि मावशीने पाहिलं, एकाही टाकीचा स्पंज पांढरा नव्हता. त्याने बरणी उजेडात धरली आणि फिरवून फिरवून बघितली.

"पाणी कधी बदलता?"

"रोज," मावशी जरा ताठ होत म्हणाली.

"किती?"

"सगळं. पेटी ब्लीचने धुते. स्पंज उकळते."

दुकानदाराने चष्मा काढला. "बाई, तुम्ही कुठे कामाला आहात?"

"हॉस्पिटलात. ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करते."

"वाटलंच," तो म्हणाला. हसला मात्र नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

मावशी एरवी कुणाला गयावया करणारी नव्हे. तिने खाली बघत विचारलं, "अगदी असाच दुसरा मिळेल का? निळा, लाल कडांचा? वडील आजारी आहेत. त्यांना कळता कामा नये."

"मिळेल की. तो बघा, तिथे आहे. पण बाई, तोही तुमच्याकडे पंधरा दिवसांत असाच होईल."

मग त्याने तिला स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. त्या तपकिरी गाळात जंतूच असतात, पण ते कामाचे. मासा पाण्यात घाण करतो, त्या घाणीचं विष होतं, आणि ते विष हे जंतू खाऊन टाकतात. तुम्ही त्यांना रोज उकळून मारलंत. विष राहिलं. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, ब्लीचचा उरलासुरला अंश, रोजचा थंड पाण्याचा धक्का. मासा त्याने खचला, आणि खचलेल्या माशाचे पर कुजायला लागले. "कूज अजून परांतच आहे, अंगाला लागलेली नाही. अंगाला लागली असती तर औषधं द्यावी लागली असती, आणि तरी मी काही सांगू शकलो नसतो. आत्ता त्याला औषधापेक्षा चांगलं पाणी हवंय. स्वच्छ नव्हे, चांगलं."

"आणि पाण्यावर फेस यायचा तो?" मावशीने विचारलं.

"तोही पुसलात?" दुकानदार पहिल्यांदाच हळहळला. "अहो, ते त्याचं घरटं. नर बांधतो, मादी आली तर तयार असावं म्हणून. तब्येत ठणठणीत असली की सहसा बांधतो. पाळणारे सकाळी उठून आधी तेच बघतात."

मावशी स्टुलावर तशीच बसून राहिली. एक बुडबुडा दिसायचा नाही तुम्हाला. हे ती किती अभिमानाने म्हणाली होती, आणि अप्पा छताकडे कसे बघत राहिले होते. भर दुकानात तिच्या डोळ्यांना धार लागली आणि पुसायला तिने पदर उचलला, तर दुकानदार भलतंच समजून म्हणाला, "नका रडू, वाचेल बहुधा."

घरी येताना तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत जावईबापू, आणि दुसरीत दुकानातल्या टाकीचा जुना स्पंज, आपल्या गाळासकट. घाण कुणाकडून मागून, जपून, सांडू न देता घरी आणायची, ही वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती. पेटीत तो स्पंज सोडताना तिने तोंड फिरवलं. पाणी गढूळलं. मग दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे एक वाळलेलं जंगली बदामाचं पान टाकलं, त्याने ते चहासारखं झालं. चार लिटरला एक छोटा चमचा या हिशोबाने माशांच्या पाण्यात घालतात ते मीठ विरघळवून घातलं, तेही आठ-दहा दिवसांपुरतंच. पाणी कोमट ठेवायला एक छोटा हीटर लावला. बदलायचं पाणी बादलीत क्लोरीन मारणारे थेंब घालून तयार ठेवलं, पेटीतल्या पाण्याइतकंच कोमट, आणि दोन-तीन दिवसांआड थोडंसंच.

हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते काही न करणं. काचेवर हिरवट थर धरायला लागला तेव्हा मावशी पेटीसमोर खुर्ची टाकून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. शेजारीण साखर मागायला आली, ती तिला त्या अवस्थेत बघून साखर न घेताच गेली.

तिसऱ्या दिवशी जावईबापूंनी एक दाणा खाल्ला. सहाव्या दिवशी पर उघडले. मग एका सकाळी भिंगातून बघताना तिला काळ्या कडेच्या पलीकडे पारदर्शक, पातळ पापुद्रा दिसला. नवा पर. तिने तो तीनदा बघितला.

खरं तर तिथे तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. झालं उलटंच. आता दुपारी "मजेत" म्हणताना ते जवळजवळ खरं होतं, आणि त्यामुळे आधीचं खोटं जास्त टोचायला लागलं. मासा बरा होत होता तो कशामुळे? तिने कबूल केलं म्हणून. एका परक्या दुकानदारासमोर कबूल केलं, आणि बापासमोर मात्र तोंड शिवलेलं. अप्पांना हॉस्पिटलात येऊन तीन आठवडे झाले होते. घरी सोडायची तारीख पुढे पुढेच जात होती.

त्या दुपारी ती वर गेली आणि टेबल न पुसताच बसली. अप्पांनी ते ताडलं.

"काय झालं?"

"अप्पा, जावईबापू मजेत नव्हते. मरायला टेकले होते. मीच त्यांना त्या गतीला नेलं." आणि तिने सगळं सांगितलं. ब्लीच, उकळलेला स्पंज, पुसलेला फेस, दुसरा मासा मागितला तेसुद्धा. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. "आणि त्या दिवशी फरशी ओली होती. मी ओरडून सांगायला विसरले. तुमची चप्पल झिजलेली नव्हती."

"फरशी ओली होती हे मला सांगतेस? पडलो मी ना?" अप्पा म्हणाले. "आणि माशाचं मला कळलंच होतं. फेस नाही म्हणालीस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून इथून काय करणार होतो? तू तर इतकी खुशीत सांगत होतीस. म्हटलं, मेला असेल बहुधा. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलतेय, बोलू दे."

शेजारच्या खाटेवरचा रुग्ण रेडिओ लावायच्या खटपटीत होता. अप्पा चादरीची कड बोटांनी दुमडत राहिले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "आणि माझ्या पायाचं?"

"म्हणजे?"

"मासा मजेत होता. तसाच माझा पाय महिन्याभरात चालणार आहे का?"

'नाही अप्पा, ते वेगळं' असं म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढी एक पळवाट अजून शिल्लक होती. मग तिने ती सोडली. "नाही. नुसतं चालता येणार नाही. वॉकर लागेल. कायमचा. डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

अप्पा रागावले नाहीत. रागावते तर तिला सोपं गेलं असतं.

"त्या व्यायामाच्या बाई रोज सकाळी तो घोडा घेऊन यायच्या," ते म्हणाले. "ॲल्युमिनियमचा, चार पायांचा. धरा म्हणायच्या. मी रोज परत पाठवला. म्हटलं, हे लुळ्यापांगळ्यांना द्या. माझी मुलगी याच हॉस्पिटलात आहे, तिला सगळं ठाऊक असतं. ती म्हणते, नुसता चालेन. मग कशाला सवय लावून घेऊ?"

"किती दिवस?" मावशीने विचारलं.

"तूच सांगत होतीस तेवढे दिवस."

तिने उठून चादर बाजूला केली. तीन आठवडे ती रोज या खाटेशी येत होती. तिने टेबल पाहिलं होतं, बाटली पाहिली होती, अभ्र्यावरचा डाग पाहिला होता. पाय पाहिला नव्हता. पोटरीचं मांस उतरून गेलं होतं, कातडी सैल पडली होती. मैलोन्‌मैल चाललेला तो पाय, तिने दोन्ही तळव्यांत धरला आणि ती तो चोळायला लागली. त्याच्यात जोर असा नव्हताच.

"आता चोळून काय होणार?" अप्पा म्हणाले. "जा, त्या बाईंना बोलावून आण. घोडा घेऊन या म्हणावं."

ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

"आणि पोरी, त्या काय म्हणतील ते मला तसंच्या तसं सांग. धुऊनपुसून नको."